संख्यावाचन, दशक-प्रथम

दोन अंकी संख्येतील दशक आधी व एकक नंतर उच्चारण्याची प्राथमिक गणित-अध्यापन पद्धती. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ती रूढ नावांच्या जोडीने दिली. मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या प्रमुख होत्या.

मराठीत लेखन दशकापासून, उच्चार मात्र एककापासून होतो. त्यामुळे ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहू शकते. २९, ३९ ते ८९ यांची नावे तर पुढच्या दशकावरून पडतात (एकोणतीस, एकोणचाळीस). ९९ (नव्याण्णव) त्याला अपवाद. नव्या पद्धतीत २५ म्हणजे ‘वीस पाच’, ६३ म्हणजे ‘साठ तीन’, बरीच जोडाक्षरेही टळतात. कन्नड, तेलुगू व इंग्रजीत २१ पासून हाच क्रम आहे (पहा : दशमान पद्धती, स्थानिक किंमत). बदलावर विधिमंडळात व वृत्तपत्रांत वाद झाला.