दुबळें कुलूप

दुसऱ्याचीं पत्रें वाचण्याचा मोह सर्व काळच्या सत्ताधीशांस होत आला आहे, आणि राष्ट्रहिताच्या नांवाखालीं त्याचें समर्थनही होत आलें आहे. परंतु पत्राचें कुलूप आपल्यापुरतें मजबूत आणि परक्यांपुरतें दुबळें ठेवतां येतें काय? विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेनें हा प्रयोग इंटरनेटवर करून पाहिला. त्याचा हिशेब पुरा होण्यास वीस वर्षें लागलीं.

मूळ अडचण अशी होती. एखाद्या पेढीचें संकेतस्थळ उघडणारा मनुष्य व ती पेढी यांची पूर्वीं गांठ पडलेली नसते. आणि त्याच्या ब्राउझरकडून पेढीच्या सर्व्हरकडे जाणारा मजकूर वाटेंत अनेक परक्या यंत्रांतून जातो. तो सांकेतिक लिपींत लिहावा म्हटलें, तर त्या लिपीची किल्ली एकमेकांस कळवावी कशी? किल्लीच उघड्या रस्त्यानें पाठविली तर कुलुपाचा उपयोग काय? १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनीं दाखवून दिलें कीं, दोन अपरिचितांस सर्वांच्या देखत बोलूनही आपसांत एक गुप्त संख्या सिद्ध करतां येते. पुढील वर्षीं रिव्हेस्ट, शामीर व ॲडलमन या त्रयीनें किल्ल्यांची जोडी शोधून काढली. जोडींतील एक किल्ली जगजाहीर करावी व दुसरी जपून ठेवावी. पहिलीनें बंद केलेलें दुसरीनेंच उघडतें. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार करणें सोपें, परंतु गुणाकारावरून त्या संख्या शोधणें अत्यंत दुष्कर, यांतच या योजनेचें सारें बळ आहे.

१९९५ सालीं नेटस्केप कंपनीनें या कल्पना एस.एस.एल. नांवाच्या नियमावलींत गुंफून आपल्या ब्राउझरबरोबर लोकांच्या हातीं दिल्या. तिची रीत मुत्सद्द्यांच्या पहिल्या भेटीसारखी आहे. ब्राउझर प्रथम आपणांस अवगत असलेल्या कूटपद्धतींची यादी सादर करतो. सर्व्हर तींतून एक निवडतो आणि आपल्या ओळखीचें प्रमाणपत्र व जाहीर किल्ली पुढें करतो. प्रमाणपत्राची खातरजमा झाली म्हणजे त्या भेटीपुरती एक नवी किल्ली ठरते व पुढील सर्व मजकूर तिनें बंद होतो. १९९९ सालीं याच नियमावलीच्या सुधारलेल्या रूपास टी.एल.एस. हें नांव मिळालें.

परंतु त्या वेळीं अमेरिकन कायद्यानें भक्कम कूटलेखनाची गणना युद्धसामग्रींत केली होती. म्हणून स्वदेशीं १२८ बिटांची किल्ली आणि निर्यातीसाठीं अवघ्या ४० गुप्त बिटांची, अशा दोन आवृत्त्या निघाल्या. भारतांत सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. तेव्हां आपल्याही वांट्यास ही निर्यातीची आवृत्तीच आली. चाळीस बिट म्हणजे सुमारें १ लक्ष १० हजार कोटी शक्यता. आंकडा ऐकून मन दडपतें, पण न थकणाऱ्या यंत्रास तो मोठा नाहीं. त्याच ऑगस्टांत फ्रान्समधील डेमियन डोलिगेझ यांनीं सुमारें आठ दिवसांत अशी किल्ली शोधून दाखविली. अखेर जानेवारी २००० मध्यें अमेरिकेनें हे निर्बंध बव्हंशीं सैल केले.

कायदा गेला, पण त्यानें जन्मास घातलेल्या दुबळ्या पद्धति असंख्य सर्व्हरांच्या यादींत तशाच पडून राहिल्या. मार्च २०१५ मध्यें फ्रान्समधील इन्रिया संस्था, मायक्रोसॉफ्ट इत्यादि ठिकाणच्या संशोधकांचा शोध प्रसिद्ध झाला व त्याचा परिणाम जगास कळला. एखाद्या त्रयस्थानें ब्राउझरची यादी वाटेंत बदलून निर्यातीची किल्ली मागितली, तर असे सर्व्हर ५१२ बिटांची दुबळी किल्ली मुकाट्यानें पुढें करीत. आणि कित्येक ब्राउझर, सदोष रचनेमुळें, न मागितलेली ती किल्ली स्वीकारीत. भाड्याच्या संगणकांवर सुमारें १०० डॉलर खर्चून ती कांहीं तासांत फुटे. परक्यांचे संदेश वाचणें हेंच जिचें काम, त्या अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचें स्वतःचें संकेतस्थळही या दोषांतून सुटलें नव्हतें! ऑगस्ट २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या टी.एल.एस. १.३ या आवृत्तींत जुन्या दुबळ्या पद्धति यादींतूनच काढून टाकण्यांत आल्या.

गुन्हेगारही कुलपें लावतात, हें सरकारांचें म्हणणें खोटें नाहीं. तपासाची अडचण खरी आहे. म्हणूनच केवळ आपल्यासाठीं एक चोरवाट ठेवावी, अशी मागणी निरनिराळ्या देशांत आजही पुनःपुन्हां होते. तिचा विचार करतांना हा इतिहास दृष्टीआड करून चालणार नाहीं. गणितास राष्ट्रीयत्व कळत नाहीं; कायद्याच्या पुस्तकांतील कलम एका दिवसांत रद्द होतें, पण यंत्रांत घातलेलें व्यंग करणाऱ्यांच्या विस्मृतींतही जिवंत राहतें. शेजाऱ्यासाठीं म्हणून दुबळें घडविलेलें कुलूप अखेर घडविणाऱ्याच्याच दारास लागलेलें आढळलें.