शाळेला जाब विचारणाऱ्या गावाची कुळकथा

उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. मग ते उस्मानाबादला जोडले गेले आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला. गाव जागचं हललं नाही, शाळा तपासायला येणारे साहेब मात्र बदलत गेले. आजच्या शाळा व्यवस्थापन समितीचं कूळ शोधायचं तर या तपासणीपासूनच सुरुवात करावी लागते.

निजामी राजवटीत शाळा ही सरकारची बाब. वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. खासगी शाळा काढायची तर परवानगी हवी आणि ती सहजासहजी मिळत नसे. अशा काळात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा चालली, लोकांनी काढलेली आणि लोकांनीच सांभाळलेली. या कुळाचं मूळ मी तिथेच मानतो. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. ज्याला मत दिलं त्यालाच शाळेबद्दल विचारता येऊ लागलं. एकेकाळच्या निजामी मुलखात हे फार मोठं होतं. तरी तो सदस्य बसायचा जिल्ह्याच्या गावी.

गावापर्यंत अधिकार पोचला तो १ एप्रिल २०१० पासून, शिक्षण हक्क कायद्याने. त्यातून आलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. अनुदानाचा खर्च पाहायचा, शाळेचा विकास आराखडा करायचा. निधी या आराखड्याच्या आधारेच द्यावा, असं कलम २२ सांगतं. शिक्षकांची भरती मात्र राज्य सरकार ‘पवित्र’ पोर्टलवरून करतं. वर्गावर शिक्षक नाही हे गावाला रोज दिसतं, पण तो नेमणं गावाच्या हाती नाही.

जे हाती आहे तेही निसटतं. केंद्राच्या नियमांनुसार आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत व्हायचा. तेव्हा मुखेड, कंधार, जळकोटच्या डोंगरपट्ट्यातले कितीतरी आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात. ज्यांच्या मुलांची शाळा सुटण्याची भीती सर्वांत जास्त, तेच आराखड्याच्या बैठकीला नसतात. टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत ही बैठक घ्यायला काहीच अडचण नाही. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी तसा आदेश काढावा.