गवताचा कोळसा आणि गुरांचा घास



वडोदऱ्यात इंधनाचा विषय निघाला की कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची आठवण होते. तो १९६५ साली सुरू झाला. पण याच शहरात १९७९ साली गुजरात एनर्जी डेव्हलपमेंट एजन्सी, अर्थात 'गेडा', स्थापन झाली आणि खनिज इंधनाला पर्याय शोधण्याचे काम तिच्याकडे आले. अशा पर्यायांपैकी अगदी पायाखालच्या एका वस्तूचा, म्हणजे गवताचा, इतिहास मी आज मांडणार आहे.

गवत चटकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. शिवाय ते फुगीर. गाडीभर वाहून नेले तरी त्यात उष्णता थोडी. म्हणून गवताच्या इंधनाचा इतिहास हा मुख्यतः ते घट्ट करण्याचा इतिहास होय. १८८०-८१ च्या कडक हिवाळ्यात अमेरिकेतील डाकोटाच्या माळांवर बर्फामुळे आगगाड्या अडकल्या व कोळसा संपला. तेव्हा तेथील वसाहतकऱ्यांनी वाळक्या गवताला पीळ देऊन दांडे केले आणि ते जाळून दिवस काढले. आजचे यंत्र हेच काम अधिक बळाने करते. बारीक केलेला, दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेला काडीकचरा त्यात प्रचंड दाबाने ढकलला जातो. उष्णतेने वनस्पतीतील लिग्निन मऊ होऊन डिंकाचे काम करते आणि टणक ठोकळा तयार होतो. गुजरातेत भुईमुगाच्या टरफलांचे असे ठोकळे 'व्हाइट कोल' या नावाने परिचित आहेत.

यंत्राने दाबण्याचा प्रश्न सुटला. पण गवत कोणाचे, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे त्यावर पहिला हक्क गुरांचा आहे. या दृष्टीने डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' या पुण्याच्या संस्थेचे काम मला मोलाचे वाटते. ऊसही गवताच्याच कुळातला. त्याचे वाळके पाचट गुरे खात नाहीत. पुष्कळ शेतकरी ते शेतातच पेटवून देतात. 'आरती'ने बंद पिंपांत पाचट तापवून त्याची कोळशाची पूड केली व खळ मिसळून तिच्या कांड्या पाडल्या. या कामाला २००२ साली इंग्लंडमधील ॲशडेन पुरस्कार लाभला.

गुरांच्या हक्काचा विचार मागे पडला तर काय होते, हे कच्छचे बन्नी कुरण दाखवते. १९६०च्या सुमारास तेथे वेडी बाभूळ, म्हणजे गुजरातीतला 'गांडो बावळ', लावण्यात आली. ती फोफावली आणि मालधाऱ्यांच्या म्हशींचा चारा आक्रसला. तिचा कोळसा करण्यास २००४ साली परवानगी मिळाली. २००८ साली ती पुन्हा बंद झाली. येथे कुरणातील वनस्पतीचे इंधन करणे हेच कुरण वाचवण्याचे साधन होऊ शकते. मात्र हे झाड वरवर तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. मुळासकट काढले तरच गवताला जागा मिळते. केवळ कोळशासाठी तोडणारा बुंधा राखील, कारण त्याला पुढच्या वर्षी पुन्हा लाकूड हवे असते. मालधारी तो उपटील.

तेव्हा मित्रहो, गवताचे इंधन करावे की नाही, हा माझ्या मते मूळ प्रश्नच नव्हे. ते कोणत्या वनस्पतीचे करावे, हे ठरवताना त्या माळावर ज्यांची गुरे चरतात त्यांचा शब्द प्रथम ऐकला पाहिजे, एवढेच हा इतिहास सांगतो.