एम्सच्या शेतकी कॉलेजातील माणसे

बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, वाचत्या मराठी घरातील पुस्तकांच्या फळीवर ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक बहुधा सापडतेच. वीणा गवाणकर यांचे हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव आपल्या घरांतले होऊन गेले. शीर्षक वाचताच ‘एक होता राजा’ ही कहाणीची सुरुवात कानांत उमटते. कहाणीतल्या राजाच्या जागी गुलामाच्या पोटी जन्मलेला एक पोरका मुलगा येऊन बसतो आणि मराठी वाचकाला त्यात काही परके वाटत नाही. पण कार्व्हर ज्या शाळेत घडले, त्या शाळेचा स्वतंत्र विचार आपल्याकडे फारसा होत नाही. तो येथे करावा असे आम्हांस वाटते.

ही शाळा आयोवा राज्यातील एम्स या गावची. राज्याच्या विधिमंडळाने १८५८ साली शेतकी कॉलेज आणि आदर्श शेत स्थापण्याचा कायदा केला. पुढे १८६२ मध्ये लिंकन यांच्या सहीने मॉरिल कायदा झाला. सरकारी जमीन राज्यांना द्यावी, ती विकून निधी उभारावा आणि त्यातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी कॉलेजे चालवावीत, अशी त्याची योजना होती. ही ‘सरकारी’ जमीन मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे विसरता येत नाही. मात्र ग्रीक-लॅटिनच्या जोडीने नांगर आणि खतही विद्यापीठात शिकविण्याच्या योग्यतेचे आहे, ही कल्पना त्या कायद्याने रूढ केली. एम्सचे कॉलेज १८६९ मध्ये रीतसर सुरू झाले. मुलींना तेथे पहिल्यापासून प्रवेश होता. १८७२ साली पदवी घेतलेल्या पहिल्या २६ जणांत दोन स्त्रिया होत्या.

१८८० साली पदवी घेणाऱ्या तुकडीत कॅरी लेन ही एकटीच मुलगी होती. भांडी घासून, ग्रंथालयात काम करून तिने शिक्षणाचा खर्च भागविला. वक्तृत्वसभेत मुलींनी भाषण करण्याची रीत नव्हती, ती तिने पाडली. हीच पुढे कॅरी चॅपमन कॅट या नावाने स्त्रीमताधिकाराच्या चळवळीची सेनानी झाली आणि १९२० साली अमेरिकी राज्यघटनेतील एकोणिसावी दुरुस्ती मंजूर होईपर्यंत लढली. दक्षिणेतील गोऱ्यांची मते मिळविण्यासाठी, स्त्रियांना मत दिल्याने गोऱ्यांच्या वर्चस्वाला बाध येणार नाही, असा युक्तिवादही तिने केला. तिच्या नावाच्या इमारतीवरून त्याच विद्यापीठात पुढे वाद पेटला, तो याचमुळे.

हा युक्तिवाद ज्यांच्या जिवावर उठणारा होता, त्याच समाजातले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. कॅन्ससमधील एका कॉलेजाने प्रवेश देऊन, ते दारात उभे राहताच वर्ण पाहून परत पाठविलेले. आयोवातीलच सिम्पसन कॉलेजात ते चित्रकला शिकू लागले. तेथील शिक्षिका एट्टा बड यांचे वडील एम्स येथे फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. बाईंच्या सल्ल्यावरून कार्व्हर १८९१ मध्ये एम्सला गेले. त्या कॉलेजातील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. आरंभी त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसू दिले गेले नाही. तळघरात शेतमजुरांबरोबर जेवावे लागे. १८९४ मध्ये ते पदवीधर झाले, त्याच कॉलेजात शिकवू लागले आणि १८९६ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली. लुई पॅमेल यांच्या हाताखाली वनस्पतींवरील बुरशींचा त्यांचा अभ्यास इतका पक्का झाला होता की, तेथेच राहिले असते तर त्या विषयातले मोठे संशोधक म्हणून त्यांची गणना झाली असती. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले आणि ते अलाबामातील टस्कीगीला गेले. १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले.

कार्व्हरांविषयीच्या दंतकथा येथे बाजूला ठेवल्या पाहिजेत. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधून काढले, असे अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. शेंगदाण्यापासूनच्या तीनशे पदार्थांचा बोलबाला झाला, पण त्यांतील बऱ्याच पदार्थांच्या कृती त्यांनी लिहून ठेवल्या नाहीत, आणि त्यांच्या नावावरील पेटंटे अवघी तीन. त्यांचे टिकलेले काम दुसरेच आहे. वर्षानुवर्षे कापूस घेऊन अलाबामाची जमीन निकस झाली होती. त्यातच कपाशीच्या बोंडावर कीड आली. मराठीत तिला कोणी ‘बोंडअळी’ म्हणतात ते चूक. ती अळी नव्हे, सोंडेने बोंड पोखरणारा भुंगा आहे. कोकणात माडाचा शत्रू म्हणून ओळखला जाणारा सोंड्या भुंगा त्याच कुळातला. कपाशीला आलटून चवळी, भुईमूग ही द्विदल पिके घ्या, त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि जोडीला रताळी लावा, हे कार्व्हर सांगत राहिले.

हे त्यांनी कसे सांगितले, यात आम्हांला अधिक रस आहे. त्यांचे श्रोते कालपरवापर्यंत गुलाम असलेले कुळवाडी. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. खत विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला ते जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ वापरायला सांगत. त्यांनी चाळीसहून अधिक पत्रके लिहिली आणि ती शेतकरी, शिक्षक व घरधनीण यांना समजतील अशा साध्या बोलीत. १९१६ च्या एका पत्रकात भुईमूग कसा पिकवावा हे आहेच, शिवाय शेंगदाण्याचे १०५ खाद्यप्रकारही आहेत. पिकवलेले घरात खपले नाही तर शेतकरी ते पीक पुन्हा घेणार नाही, एवढे व्यवहारज्ञान त्या शास्त्रज्ञाला होते. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी १९०६ मध्ये अवजारे, बियाणे आणि लोणी घुसळण्याची यंत्रे भरलेली घोडागाडी गावोगाव जाऊ लागली. तिला देणगीदाराच्या नावावरून जेसप वॅगन म्हणत. शाळाच शेतकऱ्याच्या बांधावर गेली.

या कामाला आज आपण ‘कृषिविस्तार’ म्हणतो. शब्द भारदस्त आहे. पण तिफण, कुळव, वाफसा हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत, त्याला त्यातून काही कळत नाही. खानापूर-निपाणीच्या किंवा भालकी-बिदरकडच्या मराठी शेतकऱ्याला तर सल्ल्याचा कागदच दुसऱ्या भाषेत येतो. वाफसा आला की नाही हे तो मराठीतच ठरवतो आणि औषधाचे प्रमाण मात्र अंदाजाने वाचतो. प्रमाण चुकले तर नुकसान त्याचेच.

एम्सच्या शाळेचा आणखी एक धागा आपल्या ताटापर्यंत येतो. कार्व्हर तेथे असताना हेन्री सी. वॉलेस तेथेच शिकले आणि शिकवू लागले. त्यांच्या लहानग्या मुलाला, हेन्री ए. वॉलेसला, कार्व्हर रानात फिरायला नेत आणि झाडे ओळखायला शिकवीत. या मुलाने सोळाव्या वर्षी आपल्याच राज्यातील नामांकित प्राध्यापकांना आव्हान दिले. त्या काळी मक्याच्या कणसांची प्रदर्शने भरत. सरळ ओळींच्या देखण्या कणसाला बक्षीस मिळे. पोराने तीच कणसे घेऊन वेगवेगळ्या ओळींत पेरली आणि सर्वांत देखणे कणीस उत्पन्नात मागे पडते हे दाखविले. १९१० मध्ये तो एम्सचा पदवीधर झाला. १९२६ मध्ये त्याने संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, पुढे तो अमेरिकेचा कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झाला.

१९४० च्या अखेरीस वॉलेस मेक्सिकोला गेले. तेथील मक्याचे तुटपुंजे उत्पन्न पाहून त्यांनी मदतीचा आग्रह धरला. त्यातून १९४३ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानचे कृषिसंशोधन तेथे सुरू झाले. नॉर्मन बोरलॉग यांचा बुटका गहू त्यातूनच निघाला, आणि १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणे आणविले. त्याचा लालसर दाणा आपल्याकडे पसंत पडला नाही, म्हणून पिवळसर दाण्याचे कल्याणसोना व सोनालिका हे वाण निवडले गेले.

वॉलेस तेथे पोहोचण्यापूर्वीच मेक्सिकोच्या मक्यावर एक मराठी माणूस काम करीत होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. तेही अमेरिकेच्या अशाच एका शेतकी कॉलेजात, ऑरेगॉनला, शिकलेले. १९२४ च्या सुमारास ते चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाले, स्पॅनिशमध्ये शिकवू लागले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगविले आहे. त्यांचेही मराठी चरित्र वीणा गवाणकर यांनीच लिहिले. स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. मेक्सिकोहून आलेला तो गहू तेव्हा उत्तरेकडच्या शेतांत उभा होता.