नव्या भाषेचे नवे बिऱ्हाड



बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. सामान गाडीत भरले आणि नव्या घरी उतरवले, एवढ्याने संसार लागत नाही. पाणी कुठून भरायचे, दळण कुठे न्यायचे, कोणत्या कामासाठी कोणाच्या दारी जायचे, हे सारे नव्याने शिकावे लागते. संगणकाची एखादी नवी भाषा दुसऱ्या व्यवस्थेवर न्यायची म्हटली की अगदी हेच होते. अशाच एका स्थलांतराची हकिगत आज सांगायची आहे.

संगणकाला स्वतःला कळतात ते केवळ आकडे. म्हणून माणूस आपल्याला वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहितो आणि कंपायलर नावाचा दुभाष्या त्या यंत्राच्या आकड्यांत उतरवतो. यंत्राची स्मृती, साठवण, घड्याळ या सर्वांचा कारभार पाहते ती ऑपरेटिंग सिस्टीम. आपण तिला कार्यप्रणाली म्हणू. फाइल उघडायची असो की वेळ विचारायची असो, प्रत्येक प्रोग्रामला या कारभाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अशा प्रत्येक अर्जाला ठरलेला क्रमांक असतो.

आता दोन्ही पक्षांची ओळख करून घेऊ. गूगल कंपनीत सप्टेंबर २००७ मध्ये रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन या तिघांनी ‘गो’ नावाच्या भाषेची आखणी सुरू केली. १० नोव्हेंबर २००९ रोजी तिचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला झाला. त्या वेळी ती लिनक्स आणि मॅक या दोन व्यवस्थांवर चालत होती.

यांपैकी थॉम्पसन हे जुने जाणते गृहस्थ. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स ही कार्यप्रणाली त्यांनीच सुरू केली. पुढे १९७३ मध्ये ती डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेली आणि मग एका बनावटीच्या यंत्रावरून दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर नेता येऊ लागली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात तिची बीएसडी नावाची शाखा वाढली. त्याच घराण्यातील ‘ओपनबीएसडी’ ही प्रणाली थिओ डी राट यांनी १९९५ साली कॅनडातील कॅलगरी येथे वेगळी काढली. सुरक्षितता हे तिचे ब्रीद, आणि तिचाही मजकूर सर्वांना खुला. म्हणजे थॉम्पसन यांच्या पहिल्या कामाच्या वंशजाकडे त्यांचेच दुसरे काम पाहुणे म्हणून निघाले, असे म्हणायला हरकत नाही. मे २०१३ मधील गो १.१ या आवृत्तीत ओपनबीएसडीला प्रायोगिक स्वरूपात आधार मिळाला.

या वाटेत दोन अडचणी होत्या. पहिली विरजणाची. दही लावायचे तर आधीचे दही हवे, हे घरोघरी ठाऊक आहे. डिसेंबर २०१४ च्या गो १.४ पर्यंत गोचा कंपायलर सी भाषेत लिहिलेला होता. सीचा कंपायलर ओपनबीएसडीवर असतोच, त्यामुळे फारसे अडत नसे. परंतु ऑगस्ट २०१५ च्या गो १.५ पासून गोचा कंपायलर गो भाषेतच लिहिला गेला. आता गो तयार करायची तर आधीची गो हवी! मग जिथे गो नाहीच, तिथे ती आणायची कशी? उत्तर आपल्या आयाबहिणी देतील: शेजारून विरजण आणावे. ज्या यंत्रावर गो चालते आहे तिथेच नव्या यंत्रासाठी कंपायलर बांधायचा, तो तिकडे न्यायचा आणि पुढचे दही तिथेच लावायचे.

मात्र विरजण नासके असेल तर? हा इशारा खुद्द थॉम्पसन यांनीच १९८४ साली छापलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दिला होता. मूळ मजकूर कितीही स्वच्छ दिसला, तरी कंपायलरमधला गुप्त दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याची दखल गोच्या मंडळींनी पुढे घेतली. ऑगस्ट २०२३ च्या गो १.२१ पासून कोणीही स्वतः ती बांधावी आणि गूगलच्या प्रतीशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावी, अशी सोय झाली.

दुसरी अडचण अधिक नाजूक, ती रीतिरिवाजाची. लिनक्सवर कारभाऱ्याकडचे अर्जांचे क्रमांक वर्षानुवर्षे बदलत नाहीत, तसे वचनच आहे. म्हणून गोने मध्यस्थ न घेता थेट अर्ज करण्याची पद्धत स्वीकारली. तिचे प्रोग्राम स्वयंपूर्ण असतात, हा तिचा मोठाच गुण. ओपनबीएसडीची रीत वेगळी. तिथे कारभारी आपली दप्तरे केव्हाही बदलतो. प्रोग्रामने ‘लिबसी’ नावाच्या मध्यस्थ लायब्ररीतून यावे, एवढीच अपेक्षा. असा बदल उगीच होत नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या जागेत मोजले, तर १९ जानेवारी २०३८ रोजी ती जागा पुरत नाही. म्हणून मे २०१४ मधील ओपनबीएसडी ५.५ ने सर्व यंत्रांवर ६४ बिटांचे माप आणले. मध्यस्थामार्फत येणाऱ्याचे पुन्हा बांधणी केली की बहुधा भागते. थेट येणाऱ्याला मात्र नवी मापे स्वतःच शिकावी लागतात.

पुढे सुरक्षिततेचा प्रश्न आला. चोर एखाद्या प्रोग्रामच्या स्मृतीत आपल्या आज्ञा घुसवतो आणि तिथूनच कारभाऱ्याला हुकूम सोडतो. त्यावर ओपनबीएसडीने गावाला वेस बांधावी तसा उपाय काढला. अर्ज स्मृतीच्या ठरलेल्या भागातूनच आला पाहिजे. आडवाटेने आला तर तो प्रोग्राम तिथेच बंद. मग आडवाटेने येणाऱ्या प्रामाणिक पाहुण्याने काय करावे? फेब्रुवारी २०२१ मधील गो १.१६ ने इंटेल व एआरएम पद्धतीच्या ६४ बिटी यंत्रांवर आपली वाट बदलली आणि लिबसीमार्फत जाणे पत्करले. मे २०२१ मध्ये निघालेल्या ओपनबीएसडी ६.९ पासून ही वेस पक्की होणार होती. स्वयंपूर्णतेचा थोडा अभिमान सोडावा लागला, पण घरात राहता आले.

यात चूक कोणाची, असे कोणी विचारील. चूक कोणाचीच नव्हे. एकाला स्वावलंबन प्रिय, दुसऱ्याला घराची राखण प्रिय. दोन्ही मजकूर खुले होते, म्हणून आतली माणसे काय म्हणतात याची वाट न पाहता बाहेरच्या माणसालाही दोन्हीकडचे वाचता आले, अडचण नेमकी दाखवता आली आणि दुरुस्ती हाती देता आली. एकाही घराचे दार बंद असते, तर ही तडजोड त्या घराच्या मालकाच्या मर्जीवर अडून राहिली असती.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. गो आणि ओपनबीएसडी या दोन्हींच्या नव्या आवृत्त्या साधारण दर सहा महिन्यांनी निघतात. त्यामुळे हे स्थलांतर एकदा केले आणि संपले, असे कधीच होत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी बसून सारे पुन्हा तपासते, तेव्हाच ते बिऱ्हाड त्या घरात टिकते.