जपलेलं घर कुणाचं?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ब्रिटिश वसाहतीच्या काळातलं, १६८० च्या सुमारास बांधलेलं एक लाकडी घर आहे. चांदीकाम करणाऱ्या पॉल रिव्हिअरनं ते १७७० मध्ये घेतलं. ब्रिटिश सैन्य येत असल्याची खबर गावोगाव द्यायला १८ एप्रिल १७७५ च्या रात्री तो इथूनच निघाला. पुढे इथे भाडेकरू आले, दुकानं आली. घर पाडलं जाऊ नये म्हणून १९०२ मध्ये त्याच्या पणतूनं ते विकत घेतलं. १९०८ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं.

गंमत म्हणजे, रिव्हिअर राहायचा तेव्हा रस्त्याकडून हे घर तीन मजली होतं. दुरुस्तीत तिसरा मजला उतरवून त्याला १६८० चं रूप दिलं. नाव रिव्हिअरचं, रूप मात्र त्याच्या आधीचं!

तुमची शाळा जपायची झाली, तर कोणत्या वर्षीची? मुलांना विचारून पाहा.