कोणाच्या पैशाने? : 'ज्ञानोदय' ते 'बलुतं'

नगर जिल्ह्याच्या वाङ्मयपरंपरेचा विषय निघाला की बोलणे नेवाशाच्या खांबापासून सुरू होते, आणि ते योग्यच आहे. संस्कृतातील गीता देशी भाषेत उतरवणारा ग्रंथ शके १२१२ मध्ये याच जिल्ह्यात सांगितला गेला. पण ज्ञानदेवांना छापखाना लागला नाही, कागदाचा भाव विचारावा लागला नाही. आम्हांला येथे पाहायचे आहे ते पुढचे. छपाई आल्यानंतर, ज्या मजकुराला बाजारात गिऱ्हाईक नव्हते तो कोणी छापला, कोणाच्या पैशाने छापला, आणि त्या पैशाने बदल्यात काय मागितले?

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) ठाणे केले. १८४२ साली तेथूनच 'ज्ञानोदय' निघू लागले. धर्मचर्चा, भूगोल, विज्ञान, बातम्या असा त्याचा मजकूर असे. पत्र काही वर्षांतच मुंबईस हलले, पण जन्म नगरचा. त्याच्या पाठीशी पैसा होता तो अमेरिकेतील भाविकांच्या देणग्यांचा. नफा हा हेतूच नव्हता. हेतू धर्मप्रसाराचा होता आणि मिशनऱ्यांनी तो कधी लपवला नाही. वर्गणीदारांच्या भरवशावर असे पत्र त्या काळी किती दिवस तगले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

या पत्रात १८५५ च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत एक निबंध छापून आला. लेखिका होती मुक्ता साळवे, पुण्यातील फुले यांच्या शाळेतील मातंग समाजाची, सुमारे चौदा वर्षांची विद्यार्थिनी. विषय, मांग-महारांचे दुःख. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, आणि ग्रंथच नसेल तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल आहे. थंडीपावसात, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे वर्णन तिने केले आहे ते आजही एका दमात वाचवत नाही. येथे नगरचा आणखी एक धागा जुळतो. नगरातील मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि त्यानंतर १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. म्हणजे मुक्ताची शाळा आणि तिचे व्यासपीठ, दोहोंचे एकेक मूळ या शहरात सापडते.

मिशनला हा निबंध का हवा होता, हे उघड आहे. ब्राह्मणी धर्मावर टीका, तीही खालून आलेली. त्यांच्या कामाला ती सोयीची होती. आम्हांला मोलाची वाटते ती गोष्ट दुसरीच. निबंध मिशनच्या सोयीपुरता राहत नाही. मुक्ता इंग्रजी राज्याचे आभार मानते खरी, परंतु शेवटी आपल्या लोकांना सांगते ते शिकण्याविषयी. ज्याच्या कागदावर लिहिले त्याच्या हेतूच्या पलीकडे लेखन गेले. मराठी वाङ्मयेतिहासात तिला जागा मिळायला मात्र फार वेळ लागला. इंग्रजी वाचकांपुढे हा निबंध माया पंडित यांच्या अनुवादातून १९९१ साली ठेवला तो न्यूयॉर्कच्या 'फेमिनिस्ट प्रेस'ने, सुसी थारू आणि के. ललिता यांनी संपादिलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या संग्रहात. ही संस्थाही नफ्यासाठी न चालणारी. दीडशे वर्षांच्या आतबाहेर एकाच मजकुराला दोनदा अशाच छापखान्याचा आधार घ्यावा लागला, हा योगायोग आम्हांला वाटत नाही.

(याच संग्रहात लक्ष्मीबाई टिळकही आहेत. त्यांच्या 'स्मृतिचित्रां'त नगर आणि राहुरी पानोपानी भेटतात. पण त्यांच्याविषयी स्वतंत्रच लिहावे लागेल.)

आता अकोले तालुक्यातील धामणगाव. दगडू मारुती पवार, म्हणजेच दया पवार, यांचा जन्म १९३५ चा. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली 'ग्रंथाली'ने प्रसिद्ध केले. दिनकर गांगल, अरुण साधू, कुमार केतकर, अशोक जैन आदी मंडळींनी सत्तरीच्या दशकाच्या मध्यास उभी केलेली ही वाचक चळवळ होती. सभासद जमवायचे, पुस्तक स्वस्तात त्यांच्या हाती द्यायचे आणि पुस्तके घेऊन गावोगाव जायचे, अशी तिची रीत. रूढ प्रकाशकाला लागणारी विक्रीची खात्री येथे वाचकांनी आधीच उचललेली असे. म्हणूनच 'बलुतं'सारखे, ज्याला आधीचा नमुना नाही असे पुस्तक घेण्याचे धाडस तिला करता आले. पुढे १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा'ही तिनेच काढले.

पण वाचक कोण होता? मुख्यतः शहरी, मध्यमवर्गीय आणि बहुधा सवर्ण. 'बलुतं' वाचून तो हादरला. पु. ल. देशपांडे यांनी भारावून लिहिले. इकडे दलित वाचकांतील काहींना राग आला. महारवाड्यातली, घरातली, आपल्या बायामाणसांची लाज ही अशी चव्हाट्यावर का मांडावी, हा त्यांचा प्रश्न होता. आम्ही तो प्रश्न हलका मानत नाही. ज्यांचे जिणे छापले त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती पुस्तक पडणार होते. ज्यांच्या हाती पडणार होते त्यांनी ते जिणे कधी पाहिलेही नव्हते. पवारांना हे ठाऊक असावे. पुस्तकात दगडू दया पवारांशी बोलतो, गावातला शहरातल्याला सांगतो, ही रचना आम्हांला त्या अवघडलेपणाचीच खूण वाटते.

मिशनला आत्मे हवे होते. मध्यमवर्गीय चळवळीला, नकळत का होईना, डोळ्यांत पाणी आणणारे दुःख हवे होते. पवारांचा 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह १९७४ चा, म्हणजे 'बलुतं'च्या आधीचा. आज किती जणांनी तो वाचला आहे? कवितेपेक्षा जीवनकहाणीला मागणी अधिक, हा बाजाराचा नियम बिननफ्याच्या दुकानातही शिरला, असे आम्ही म्हणू. तरीही 'ग्रंथाली' नसती तर 'बलुतं' तेव्हा, त्या रूपात, इतक्या हातांत गेले असते असे आम्हांला वाटत नाही.

अनुवादाची कथा आणखी विचित्र. 'बलुतं' फ्रेंचमध्ये गेले ते इंग्रजीच्या कितीतरी आधी, आणि नेणारे गी पॉइटव्हँ पुण्यात राहून हेमा राईरकर यांच्यासह खेडोपाडी जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो साठा पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने अनुवादांसह सर्वांना खुला केला, तोही विनामूल्य. ज्या माणसाने दळणाऱ्या बायांचे शब्द टिपले त्यानेच महारवाड्याची कहाणी परभाषेत नेली, याचे आम्हांला नवल वाटत नाही. दोन्ही कामांत मिळकत नव्हती.

दया पवार १९९६ साली गेले. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली आला, मूळ पुस्तकानंतर सदतीस वर्षांनी. आणि तो काढला व्यावसायिक प्रकाशकाने. तोवर पुस्तकाचे नाव झाले होते. शीर्षक मात्र इंग्रजीतही 'बलुता' असेच राहिले.